अर्धी चादर कुठं गेली?

“दिवसभर नुसतं टाइपच करायलीस की गं. ह्याला एवढा पगार कशाला देतात?”

आमच्या गल्लीतले अण्णा हा प्रश्न मला दर सुट्टीत विचारतात. मी पुण्याहून सोलापूरला आले आणि लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले, की ते चहाचा कप घेऊन समोरच्या पायरीवर येऊन टेकतात. अण्णांची उमेदीची सगळी वर्षं पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी जेकार्डचे पुठ्ठे पंच करण्यात गेली. आता मुलगा अक्कलकोट रोडला आठ मागांचा कारखाना चालवतो आणि अण्णा हिशोबाच्या वहीवर नजर ठेवून असतात.

प्रोग्रॅमिंग म्हणजे टाइपिंग, हा समज एकट्या अण्णांचा नाही. इंजिनिअरिंगच्या कितीतरी मुलामुलींचाही तोच असतो. चार वर्षं सी, जावा, पायथन शिकायचं, परीक्षेत वहीवर प्रोग्रॅम लिहायचे आणि एके दिवशी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं. तिथं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, “रेपो क्लोन कर, बिल्ड चालतंय का बघ, ब्रँच काढून दुरुस्ती टाक.” भाषा येत असते, पण या वाक्यातलं ओ की ठो कळत नाही. माझंही तसंच झालं होतं. लाकडाची पारख शिकलेल्या सुतारानं आयुष्यात रंधाच धरलेला नसावा, अशी गत.

तर हे सगळं त्या रंध्या-पटाशीबद्दल आहे. यातलं प्रत्येक हत्यार कुणाच्या तरी वैतागातून जन्मलेलं आहे. तो वैताग कळला की हत्यार आपोआप कळतं, असा माझा अनुभव. अण्णांनाही मी तसंच सांगत गेले. त्यांच्याच धंद्यापासून सुरुवात केली, कारण संगणकाचा एक पूर्वज मागाच्या डोक्यावर बसलेला आहे.

पुठ्ठ्याला मोर कळत नाही

ज्यांनी जेकार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. ओळीतली एकेक चौकट म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलायचा की खाली ठेवायचा, याचा निर्णय. चौकट भरलेली असेल तर उचलायचा. मग प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठा करतात. जिथं धागा उचलायचा तिथं भोक, बाकी कोरा. असे शेकडो पुठ्ठे दोरीनं एकमेकांना शिवून त्यांची माळ मागावर चढवली जाते. पुठ्ठा समोर आला की त्यावर सुया टेकतात. भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, आकडा बाजूला सरतो आणि धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा नेणारा धोटा सपकन निघून जातो. मग पुढचा पुठ्ठा.

या सगळ्यात मोर कुठं आहे? मागाला मोर माहीत नाही. पुठ्ठ्यालाही नाही. त्यांना फक्त भोक आहे की नाही एवढंच कळतं. संगणकाचंही तेच. त्याला एक आणि शून्य याच्यापलीकडं काही कळत नाही. व्हिडिओ, बँकेचा हिशोब, आजीनं पाठवलेला शुभ सकाळचा फोटो, सगळं त्याच्यासाठी भोक आणि बिनभोक.

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जोसेफ मारी जाकारनं हे यंत्र १८०४ च्या सुमाराला आणलं. त्याच्या आडनावाचं आपल्याकडं जेकार्ड झालं. पुढं १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं गणित करणाऱ्या एका प्रचंड यंत्राचा आराखडा मांडला आणि त्याला सूचना देण्यासाठी हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. ते यंत्र पूर्ण कधी झालं नाही. पण त्यावर १८४३ मध्ये टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसनं म्हणून ठेवलंय की जाकारचा माग जशी फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. अमेरिकेनं १८९० ची जनगणना हर्मन हॉलेरिथच्या भोकांच्या कार्डांवर मोजली. आयबीएम या अमेरिकी कंपनीनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड आणलं आणि प्रोग्रॅमर मंडळी पुढं कित्येक वर्षं त्या कार्डांचे गठ्ठे काखेत मारून फिरत होती. कोडची एक ओळ साधारण ८० अक्षरांत बसवावी, हा संकेत आजही अनेक ठिकाणी पाळतात. तो या पुठ्ठ्याचाच वारसा.

हे ऐकून अण्णा जरा सावरून बसले. “म्हणजे आमच्याकडूनच उचललं की.”

कागदावरचं पुठ्ठ्यावर कोण आणतं?

अण्णांच्या धंद्यात डिझाईन काढणारा वेगळा असायचा. तो रंग आणि चौकटींच्या भाषेत विचार करायचा. मागाला मात्र भोकं लागायची. या दोघांमधला माणूस म्हणजे अण्णा. चौकट वाचायची, भोक पाडायचं. डिझाईन चुकीचं असेल तर भोकंही इमानदारीत चुकीची पडायची.

संगणकाच्या जगातले अण्णा म्हणजे कंपायलर. प्रोग्रॅमर माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम ते वाचून त्याचं एक-शून्यात रूपांतर करतो. आधी शब्द सुटे करतो, मग व्याकरण तपासतो, मग अर्थ लागतो का बघतो. संख्येत नाव मिळवायला सांगितलं असेल तर तिथंच अडवतो. शेवटी यंत्राच्या सूचना तयार करतो आणि जमेल तिथं वेळ वाचवणारे आडमार्गही शोधतो.

हे काम यंत्राकडं सोपवता येईल हेच सुरुवातीला लोकांना पटत नव्हतं. ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी १९५२ च्या सुमाराला या दिशेचा पहिला मोठा प्रयत्न केला, तेव्हा संगणक आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसा लिहील, अशीच भावना होती. नंतर १९५७ मध्ये आयबीएममधून जॉन बॅकसच्या चमूनं फोरट्रान भाषेचा कंपायलर बाहेर काढला. त्यांना भीती अशी, की हातानं लिहिलेल्या यंत्रसूचनांपेक्षा आपलं काम हळू ठरलं तर कुणी ढुंकून बघणार नाही. म्हणून त्यांनी सगळा जोर वेगावर लावला. ती भीती आपल्या भल्याचीच ठरली.

नवशिक्यांना कंपायलरचा राग येतो तो त्याच्या तक्रारींमुळे. बाराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम, म्हणजे सीसारख्या भाषेत वाक्य संपल्याची खूण, द्यायचा राहून गेलेला असतो आणि हा पठ्ठ्या बोट दाखवतो तेराव्या ओळीकडं. त्याचं कारण साधं आहे. तो डावीकडून उजवीकडं, वरून खाली वाचत जातो. बाराव्या ओळीचं वाक्य पुढं चालू असेल असं धरून तो तेराव्या ओळीत शिरतो आणि तिथं पहिला विसंगत शब्द भेटल्यावर अडखळतो. ठेच जिथं लागली ती जागा तो सांगतो. दगड एक पाऊल मागं असतो. एवढं जरी कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं, तरी माझ्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

पायथन, जावास्क्रिप्टसारख्या भाषांत कंपाईल करण्याची वेगळी पायरी आपल्याला दिसत नाही. तिथं प्रोग्रॅम चालतानाच एक दुभाषा सोबत वाचत असतो. पडद्याआड भाषांतर तिथंही होतंच. सोय म्हणजे लिहिलं की लगेच चालवून बघता येतं. गैरसोय म्हणजे जी चूक कंपायलरनं आधीच पकडली असती, ती कधीकधी ऐन कामाच्या वेळी तोंड वर काढते.

निळा पडदा आणि उणे मजुरी

आता माझी स्वतःची फजिती. कॉलेजात असताना मी अण्णांच्या कारखान्यासाठी आठवड्याच्या मजुरीचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. ज्यानं जेवढ्या चादरी विणल्या त्याला तेवढी मजुरी, आणि खाली सगळ्यांची बेरीज. लिहिला होता टर्बो सीमध्ये. ज्यांनी आपल्याकडं इंजिनिअरिंग किंवा बीसीए केलंय त्यांना तो निळा पडदा आणि पिवळी अक्षरं झोपेतही आठवतील.

टर्बो सी हे बोरलँड कंपनीचं, १९८७ मध्ये आलेलं हत्यार. त्याच्या काळात ते भारीच होतं. याच कंपनीनं १९८३ मध्ये टर्बो पास्कल काढून लिहिण्याची जागा आणि कंपायलर एकाच पडद्यावर आणले होते, तेही ५० डॉलरच्या आत. पण टर्बो सीचा जन्म डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या काळातला. आजच्या विंडोजवर ते थेट चालत नाही. जुन्या संगणकाचं सोंग घेणारा डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आधी चालवावा लागतो. बऱ्याच वर्गांत मात्र शिकवणं तिथंच थांबलेलं असतं.

माझ्या प्रोग्रॅमनं पहिल्या आठवड्याची एकूण मजुरी दाखवली ती अशी: उणे २५,५३६ रुपये. अण्णांचा मुलगा म्हणाला, “म्हणजे कामगारच आम्हाला देणं लागतात की काय?”

खरी बेरीज ४०,००० होती. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांत साठवला जातो. बिट म्हणजे आपलं एक भोक. १६ भोकांच्या जागेत ६५,५३६ वेगवेगळ्या नक्ष्या होतात. त्यातल्या निम्म्या उणे संख्यांना दिल्या, की वरची मर्यादा उरते ३२,७६७. जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा, तसा इथं आकडा ३२,७६७ च्या पुढं गेला की गिरकी घेऊन थेट उणे ३२,७६८ वर जातो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. ४०,००० तून ६५,५३६ वजा करून बघा. आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये हाच पूर्णांक ३२ बिटांचा असतो आणि मर्यादा २१४ कोटींच्या वर जाते. म्हणजे माझी एकही ओळ न बदलता, फक्त हत्यार बदललं असतं तर हिशोब बरोबर आला असता. हत्यार निवडणं हेही प्रोग्रॅमिंगच असतं, हे मला त्या उणे मजुरीनं शिकवलं.

पुण्याला गेल्यावर तोच प्रोग्रॅम मी व्हीएस कोडमध्ये उघडला. हा मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये आणलेला, फुकट मिळणारा एडिटर. एडिटर म्हणजे कोड लिहिण्याची वही, पण शहाणी वही. शब्दांना अर्थाप्रमाणे रंग देते, कंस राहिला तर दाखवते, अर्धं नाव लिहिलं की उरलेलं सुचवते. हे सगळं एडिटर एकटा करत नाही. मागं त्या त्या भाषेचा एक जाणकार प्रोग्रॅम चालू असतो आणि एडिटर त्याला सतत विचारत असतो. ही विचारपूस कोणत्या बोलीत करायची याचा एक सामाईक संकेत २०१६ मध्ये ठरला, म्हणून आज एकच एडिटर पन्नास भाषा सांभाळू शकतो. आणि एडिटर, कंपायलर, चुका शोधायची साधनं हे सगळं एका छपराखाली आणलं की त्याला आयडीई म्हणतात. मोबाईलचं ॲप करायचं तर अँड्रॉइड स्टुडिओ ही तशीच एक मोठी पेढी. संगणकात मेमरी कमी असेल तर ती उघडेपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन होते.

अर्धी चादर

कंपायलर बदलला आणि उणे मजुरी गेली. दोन महिने सगळं सुरळीत. मग एका विणकरानं अण्णांना गाठलं. “आमची अर्धी चादर कुठं गेली?”

कारखान्याचा नियम असा, की ज्याची दिवसाची सरासरी साडेसात चादरींपेक्षा कमी नाही त्याला बोनस. आकडे इथं मी समजावण्यापुरते घेतले आहेत. त्यानं सहा दिवसांत ४५ चादरी विणल्या होत्या. ४५ भागिले ६, बरोबर साडेसात. बोनस मिळायला हवा. प्रोग्रॅम म्हणत होता, नाही.

इथं कंपायलरचा काही उपयोग नव्हता. व्याकरण शुद्ध होतं. “मी उद्या काल जेवीन” हे वाक्यही तसं व्याकरणाला धरूनच असतं. अशा वेळी लागतो तो डीबगर.

डीबगर म्हणजे चालता माग मधेच थांबवून बघण्याची सोय. कोडच्या ज्या ओळीवर संशय आहे तिथं खूण करायची. त्या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात. प्रोग्रॅम त्या ओळीपाशी येऊन थबकतो आणि त्या क्षणी कोणत्या डब्यात काय आहे ते उघडून दाखवतो. मग एकेक ओळ पुढं सरकवायची, एकेक धागा मोजत जावा तसं. मी खूण केली आणि बघितलं. एकूण चादरी: ४५. दिवस: ६. पुढची ओळ. सरासरी: ७.०.

साडेसात नाही. सात.

सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार केला की उत्तरही पूर्णांकच येतं आणि अपूर्णांक टाकून दिला जातो. सरासरीसाठी मी दशांशाचा डबा ठेवला होता, पण भागाकार डब्यात पडायच्या आधीच उरकला होता. सात पूर्ण तयार होऊन आलं आणि दशांशाच्या डब्यात ७.० म्हणून बसलं. पाणी आधी सांडलं, घागर नंतर लावली. दुरुस्ती एका शब्दाची. भागाकारापूर्वीच एका संख्येला दशांश करायचं. शोधायला डीबगरसह दहा मिनिटं लागली. त्याच्याशिवाय नुसती वाचत बसले असते तर रात्र गेली असती, कारण आपण लिहिलेलं आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं.

चुकीला बग म्हणजे किडा म्हणतात, त्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. हार्वर्डच्या मार्क टू संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एका रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीनं नोंदवहीत लावून ठेवला. शब्द मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. एडिसनच्या काळातही यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणत. नोंदवहीतला विनोदच तो होता, की हा बघा खराखुरा किडा.

डिझाईन बदललं, पुठ्ठे तेच

दुरुस्ती केली, प्रोग्रॅम चालवला, उत्तर पुन्हा सात! मी डोक्याला हात लावला. अण्णांनी मात्र सहज विचारलं, “पुठ्ठे बदललीस का?”

त्यांच्याकडं हे नेहमी व्हायचं. डिझाईनवाल्यानं कागदावर मोराचं पिस नीट केलं, नवा पुठ्ठा पंच झाला, पण माळेत जुनाच राहिला. कागद बघावा तर बरोबर, चादर बघावी तर चूक. माझंही तेच झालं होतं. मजुरीची फाईल मी बदलली होती, पण पुन्हा कंपाईल केली नव्हती. जुनंच यंत्ररूप चालत होतं.

नेमक्या याच वैतागातून १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत मेक हे हत्यार जन्मलं. स्टीव्ह जॉन्सन नावाचे सहकारी तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. दुरुस्ती झालेली होती, ती फाईल कंपाईल करायची तेवढी राहिली होती. फेल्डमन यांनी मेक लिहिला. त्याला आपण एवढंच सांगून ठेवायचं, की ही वस्तू या या फाईलींपासून बनते आणि अशी बनवायची. मग तो फाईलींच्या वेळा बघतो. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल तर तेवढाच भाग पुन्हा बनवतो, बाकीच्याला हात लावत नाही. हजारो फाईलींच्या प्रोग्रॅममध्ये हे न करता सगळंच पुन्हा बनवायचं म्हटलं तर तासन् तास जातील. आजची ग्रेडल वगैरे बिल्डची, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याची, साधनं याच वाटेवरची.

मेकची एक खोड मला फार आवडते. त्याच्या सूचनांच्या ओळी टॅबनंच सुरू व्हाव्या लागतात. टॅबऐवजी तेवढ्याच रुंदीच्या मोकळ्या जागा दिल्या तर तो रुसतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. ही चूक आहे हे फेल्डमन यांना काही आठवड्यांतच कळलं होतं. पण तोवर डझनभर मित्र मेक वापरू लागले होते, त्यांची अडचण नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. बारा जणांच्या सोयीसाठी राखलेली खोड पुढं जगभरातल्या पोरांनी सोसली.

बाहेरून आणलेलं सूत

अण्णांचा कारखाना सूत स्वतः कातत नाही. ते बाहेरून येतं, रंगवलेलं येतं. प्रोग्रॅमरही सगळं स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशोब, पीडीएफ बनवणं, पैसे भरण्याची सोय, हे सगळं इतरांनी लिहून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी किंवा पॅकेज म्हणतात आणि ते आणून देणारा हमाल म्हणजे पॅकेज मॅनेजर. जावास्क्रिप्टवाल्यांचा एनपीएम, पायथनवाल्यांचा पिप.

यात एक गंमत आणि एक धोका. आपण एक पॅकेज मागवतो, त्याला आणखी चार लागतात, त्या चारांना वीस. मार्च २०१६ मध्ये एका लेखकानं नावाच्या वादातून रागावून आपली पॅकेजं एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं एक होतं. काम एवढंच, की शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्यं भरून त्याची लांबी सारखी करायची. पण मोठमोठी साधनं कुठल्या तरी साखळीतून त्याच्यावर टेकलेली होती. जगभर हजारो प्रोजेक्टांची बिल्डं पटापटा कोसळली. एनपीएमनं काही तासांतच ते पॅकेज परत जागेवर आणलं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीत सुरक्षेतलं भलं मोठं भगदाड सापडलं, तेव्हा तर अनेक कंपन्यांना आपल्या कोणत्या कपड्यात हे सूत आहे हेच आधी शोधत बसावं लागलं.

म्हणून लॉक फाईल ठेवतात. कोणतं पॅकेज, नेमकी कोणती आवृत्ती, सगळं त्यात नोंदलेलं असतं. चादरीचा अर्धा भाग एका रंगाच्या लॉटचा आणि अर्धा दुसऱ्या लॉटचा झाला तर छटेतला फरक उन्हात दिसतोच. लॉक फाईल म्हणजे तो लॉट नंबर. माझ्याकडं चालतं आणि तुझ्याकडं चालत नाही, ही भांडणं बरीचशी लॉट बदलल्यामुळे झालेली असतात.

कोणी, कधी, का

आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचं फोल्डर मला अजून आठवतं. हिशोब-फायनल, हिशोब-फायनल-२, हिशोब-खरंच-फायनल, हिशोब-हाच-घ्या. चौघांकडं चार पेन ड्राइव्ह. सादरीकरणाच्या दिवशी नेमका जुना उघडला.

गिट हा यावरचा उतारा. काम एका टप्प्यावर आलं की आपण कमिट करतो, म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फाईलींचं चित्र टिपून ठेवतो आणि काय बदललं, का बदललं ते एका ओळीत लिहितो. गिट त्या मजकुरावरूनच ४० अक्षरांची एक खूण काढतो. आत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पूर्ण बदलते, त्यामुळे गुपचूप खाडाखोड लपत नाही. आधीच्या कोणत्याही टप्प्यावर परत जाता येतं. नवा प्रयोग करायचा तर ब्रँच काढायची: चालू मागाला हात न लावता बाजूला नमुना विणून बघायचा. जमला तर मुख्य कामात मिसळायचा, नाही तर सोडून द्यायचा. दोघांनी एकच ओळ दोन प्रकारे बदलली असेल तर गिट स्वतः निवाडा देत नाही. दोन्ही ओळी समोर ठेवतो आणि म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा. नवी मुलं याला घाबरतात. खरं तर तो गिटचा प्रामाणिकपणा आहे.

यालाही वैतागाचीच पार्श्वभूमी. लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीचं काम करणारी मंडळी बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन फुकटात वापरत होती. २००५ मध्ये ती सवलत गेली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलमध्ये स्वतःचं साधन लिहायला घेतलं आणि थोड्याच दिवसांत गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्यातला मोठा विचार म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास असतो. एक यंत्र जळालं म्हणून काम जात नाही. आणि गिट वेगळं, गिटहब वेगळं. गिट हे हत्यार. गिटहब ही २००८ मध्ये सुरू झालेली, त्या हत्यारानं केलेलं काम ठेवण्याची आणि एकमेकांना दाखवण्याची जागा. मायक्रोसॉफ्टनं ती २०१८ मध्ये विकत घेतली. एक मात्र सांभाळा: पासवर्ड चुकूनही कमिट करू नका. नंतर पुसला तरी इतिहासात तो तसाच राहतो, आणि इतिहास सगळ्यांकडं असतो.

अर्धी चादर सापडल्यावर मी आणखी एक छोटं काम केलं. एक टेस्ट लिहिली. ४५ चादरी, ६ दिवस दिले तर उत्तर ७.५ आलंच पाहिजे, नाहीतर लाल दिवा. आता मी कोडमध्ये काहीही बदलून गिटहबवर पाठवलं की तिथला एक संगणक आपणहून सगळं बिल्ड करतो आणि ही टेस्ट चालवतो.

हल्ली कोड लिहून देणारी एआयची साधनंही आहेत. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आलं, मग रांगच लागली. मीही वापरते. सरासरी काढून दे म्हटलं की ती क्षणात लिहून देतात, बहुतेक वेळा बरोबर. पण साडेसातचा नियम अण्णांच्या कारखान्याचा आहे, अर्ध्या सुट्टीचा दिवस अर्धाच धरायचा ही तिथली रीत आहे. हे कुठल्याही साधनाला आपोआप माहीत नसतं. ते विचारायला कारखान्यात जावं लागतं.

हे सगळं ऐकून अण्णांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “मग ती अर्धी चादर खाल्ली कुणी, ते दिसतं का तुझ्या त्या वहीत?”

दिसतं. गिटमध्ये त्यासाठी एक आज्ञाच आहे, तिचं नाव ब्लेम. कोणती ओळ शेवटी कुणी आणि कधी बदलली, ते ती ओळीसमोर लिहून दाखवते. मी ती दुरुस्तीच्या आधीच्या टप्प्यावर चालवली. भागाकाराच्या ओळीसमोर माझं नाव होतं, वेळ रात्री १ वाजून ४० मिनिटं, आणि कमिटचा निरोप: “आता सगळं बरोबर.”

अण्णांनी चष्मा पुढं सरकवून ते पुन्हा वाचलं. म्हणाले, “हे कारखान्यात आणू नकोस गं. निम्मे लोक काम सोडतील.” आणि थोडं थांबून, “त्या विणकराचा मागचा बोनस मात्र देऊन टाकायला सांग.”